१९८७ क्रमांकाच्या जुन्या मार्शलला योग्य फ्यूज कोणता?

कोथरूडचा गिटारवाला

नमस्कार मंडळी. अमेरिकेत बरीच वर्षे राहून पुण्यात परतलेल्या माझ्या मावसभावाने सामानाबरोबर मार्शल कंपनीचा एक जुना हेड, म्हणजे स्पीकर नसलेला गिटारचा ॲम्प (ध्वनिवर्धक), आणला आणि आता त्याचे गिटार वाजवणे सुटले असल्यामुळे तो माझ्या स्वाधीन केला. मॉडेल क्रमांक १९८७, म्हणजे ५० वॉटचा, दोन मोठे (ईएल ३४) आणि तीन छोटे (ईसीसी ८३) व्हॉल्व्ह असलेला. (१९८७ हा मॉडेलचा क्रमांक आहे, वर्ष नव्हे. ॲम्प १९७० च्या दशकातला आहे. एका दुरुस्तीवाल्यांना फोनवर एवढे समजावण्यातच माझी दहा मिनिटे गेली.)

ॲम्पच्या मागच्या बाजूला फ्यूजची दोन घरे आहेत. एकावर मेन्स (बाहेरून येणारी वीज) आणि दुसऱ्यावर एचटी (हाय टेन्शन, म्हणजे आतला उच्च दाब) असे लिहिलेले दिसते, पण त्यांच्या शेजारचे आकडे पुसले गेले आहेत. मेन्सच्या घरात ४ ॲम्पियरचा काचेचा फ्यूज निघाला आणि तो शाबूत आहे. एचटीच्या घरात मात्र उडालेला फ्यूज होता आणि त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. हे कोणी केले ते भावाला ठाऊक नाही, कारण त्यानेही हा ॲम्प जुनाच विकत घेतला होता आणि तो शेवटचा कधी वाजवला तेही त्याला नीट आठवत नाही.

तिकडे तो १२० व्होल्टवर चालत असे. मी मागचा व्होल्टेज निवडण्याचा खटका २४० वर आणला आहे आणि आमच्या वायरमनकडून अमेरिकन पिन काढून तिथे आपला तीन पिनांचा टॉप बसवून घेतला आहे. अजून वीज दिलेली नाही. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात फ्यूज मागायला गेलो तेव्हा दुकानदारांनी सांगितले, की दोन्ही ठिकाणी ५ ॲम्पियरचा घाला, म्हणजे पुन्हा उडायची कटकटच नको. हा सल्ला मला पटला नाही, पण त्याला उत्तर देण्याइतके ज्ञानही माझ्यापाशी नाही. दोन्ही घरांत नेमका किती ॲम्पियरचा फ्यूज घालावा, तो लवकर उडणारा असावा की उशिरा उडणारा, आणि वीज देण्यापूर्वी आणखी काय पाहावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

सोल्डरचा धूर

आधी थोडक्यात उत्तर देतो, म्हणजे उत्साहाच्या भरात तुम्ही बटण दाबणार नाही. ५० वॉटच्या ह्या मार्शलला २३० ते २४० व्होल्टवर मेन्सला २ ॲम्पियर आणि एचटीला ५०० मिलिॲम्पियर, दोन्ही उशिरा उडणारे, म्हणजे टी अक्षराचे फ्यूज लागतात. १०० वॉटचा असता तर हेच आकडे ४ ॲम्पियर आणि १ ॲम्पियर झाले असते. तुमच्याकडे निघालेला ४ ॲम्पियरचा फ्यूज अमेरिकेतल्या १२० व्होल्टसाठी घातलेला असणार. व्होल्टेज दुप्पट झाले, की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो, त्यामुळे खटका फिरवताना फ्यूजही बदलावा लागतो, आणि नेमके हेच बहुतेक जण विसरतात.

चांदीबद्दल काय बोलावे? ज्या दोषामुळे तो फ्यूज उडाला तो दोष अजून ॲम्पच्या आत बसलेला आहे, एवढे गृहीत धरून चाला.

जुना रेडिओवाला

वरचे आकडे बरोबर आहेत. ते तसे का आहेत हे कळले, तर पुढच्या वेळी दुकानात तुम्हीच दुसऱ्याला समजावू शकाल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ह्या ॲम्पच्या व्हॉल्व्हच्या तापतारांचा हिशोब सोपा आहे. ईएल ३४ ला ६.३ व्होल्टवर दीड ॲम्पियर लागतो आणि ईसीसी ८३ ला ०.३ ॲम्पियर. दोन आणि तीन व्हॉल्व्हचे मिळून ३.९ ॲम्पियर, म्हणजे साधारण २५ वॉट. न वाजवता नुसता चालू ठेवलेला ॲम्प उच्चदाबाच्या बाजूने साधारण ४५० व्होल्टवर ८० ते ९० मिलिॲम्पियर घेतो, म्हणजे आणखी ४० वॉटच्या आत-बाहेर. ट्रान्सफॉर्मरचे नुकसान धरून सत्तर-पंचाहत्तर वॉट होतात. २३० ने भागले तर ०.३ ॲम्पियरच्या थोडे वर उत्तर येते, पण प्रत्यक्षात मीटर जास्त दाखवतो, कारण फिल्टरचे कपॅसिटर सलग प्रवाह घेत नाहीत, लाटेच्या माथ्यावर झटक्याझटक्याने घेतात. पूर्ण आवाजात वाजवताना हाच आकडा १ ॲम्पियरच्या आसपास पोहोचतो. तेव्हा २ ॲम्पियर म्हणजे खऱ्या गरजेच्या साधारण दुप्पट, आणि जुन्या कारखान्यांनी बहुतेक ठिकाणी एवढीच सैल ठेवलेली दिसते.

आता खरी मेख पुढे आहे. फ्यूजवर २ ॲम्पियर लिहिले आहे म्हणून तो २.१ ॲम्पियरला उडतो, असा समज सर्रास असतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे. युरोपात आणि आपल्याकडे ज्या आयईसी ६०१२७ मानकाचे काचेचे छोटे फ्यूज मिळतात, त्यांनी छापील आकड्याच्या दीडपट प्रवाह किमान तासभर सोसावा अशीच अपेक्षा असते. टी जातीचा फ्यूज दोन मिनिटांच्या आत उडेल याची हमी २.१ पटीला मिळते. अमेरिकन यूएल मानकाचा हिशोब निराळा आहे. तिथे छापील आकड्याच्या १.३५ पट प्रवाहाला फ्यूजने तासाभराच्या आत उडायलाच हवे. म्हणजे दोन्हींवर २ ॲम्पियरच लिहिलेले असले, तरी २.७ ॲम्पियरचा प्रवाह सतत वाहू लागला तर अमेरिकन फ्यूज तासाभरात जाईल आणि युरोपीय फ्यूज तासानंतरही तसाच बसून राहील. अमेरिकन ॲम्पच्या मागे छापलेला आकडा वाचून त्याच आकड्याचा युरोपीय फ्यूज घालणारे लोक नकळत एक पायरी वर चढलेले असतात. तुमचा ॲम्प इंग्लंडचा असल्यामुळे आयईसीचाच फ्यूज त्याला योग्य आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

हेच गणित तुमच्या ४ ॲम्पियरच्या फ्यूजला लावून पाहा. तो ६ ॲम्पियर तासभर सोसणार. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॉट. घरातली इस्त्री साधारण १,००० वॉटची असते. इस्त्रीपेक्षा जास्त उष्णता तासभर त्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात निर्माण झाली तरी हा फ्यूज शांत राहील. आधी ट्रान्सफॉर्मर जळेल आणि मग त्याची सुटका करायला फ्यूज उडेल. ५ ॲम्पियरबद्दल वेगळे सांगायला नको.

आता उशिरा उडणारा फ्यूज का, ते पाहू. थंड तापतारांचा रोध तापलेल्या तारांच्या मानाने फार कमी असतो, त्यामुळे बटण दाबताच त्या कित्येक पट प्रवाह ओढतात. त्यातच ट्रान्सफॉर्मरचा गाभा लाटेच्या ज्या क्षणी वीज मिळाली त्यावर अवलंबून पहिल्या एक-दोन लाटांत मोठा झटका घेऊ शकतो. हा झटका दोषाचा नसून प्रकृतीचा आहे, म्हणून तो सोसणारा फ्यूज हवा. दुकानात मागताना काचेच्या टोकावरची धातूची टोपी भिंगाने वाचा. तिथे आधी टी किंवा एफ हे अक्षर, मग ॲम्पियर, मग एल किंवा एच आणि शेवटी व्होल्ट असतात. टी म्हणजे उशिरा उडणारा आणि एफ म्हणजे लवकर उडणारा. अक्षरच नसेल तर तो लवकर उडणारा आहे असे धरून परत करा. आतली तार सरळ आणि केसासारखी बारीक दिसली तर तो बहुधा एफ असतो. टी जातीत तार दोऱ्याभोवती गुंडाळल्यासारखी दिसते किंवा मध्ये धातूचा लहानसा थेंब असतो.

एल आणि एच यांतला फरक कोणीच सांगत नाही. एल म्हणजे साधी काच. असा छोटा फ्यूज ३५ ॲम्पियर किंवा छापील आकड्याच्या दहापट, यांत जो आकडा मोठा असेल तेवढा प्रवाह सुरक्षितपणे तोडू शकतो. एच म्हणजे वाळू भरलेला सिरॅमिकचा फ्यूज, त्याची क्षमता १,५०० ॲम्पियरची. मी मेन्सला सिरॅमिकचा घालतो. त्याचा एकच तोटा म्हणजे तो उडाला की नाही हे बाहेरून दिसत नाही, मीटर लावूनच पाहावे लागते.

एचटीच्या फ्यूजबद्दल अवास्तव अपेक्षा ठेवू नका. ५०० मिलिॲम्पियरचा टी फ्यूज ७५० मिलिॲम्पियर तासभर सोसतो, हे वरच्या हिशोबावरून तुमच्या लक्षात आले असेल. बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह आवरून धरणारा, ऋण दाब नाहीसा होऊन दोन्ही ईएल ३४ च्या प्लेट लालभडक झाल्या, तरी दोघांचा मिळून प्रवाह त्या मर्यादेच्या आत राहू शकतो आणि फ्यूज उडत नाही. हा फ्यूज व्हॉल्व्हला वाचवण्यासाठी नसतोच. व्हॉल्व्हच्या आत किंवा त्याच्या बैठकीत (सॉकेटमध्ये) थेट शॉर्ट झाला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर वाचावेत, एवढेच त्याचे काम. व्हॉल्व्ह बाजारात नवा मिळतो, त्या काळातला ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. म्हणून त्या चांदीचा मला जास्त राग येतो.

उडालेला फ्यूज फेकू नका, त्याची काच उजेडात धरून पाहा. आतून आरशासारखा रुपेरी किंवा काळा मुलामा चढलेला असेल, तर प्रवाह एकाएकी प्रचंड वाढला होता, म्हणजे थेट शॉर्ट. काच स्वच्छ असून तार मध्येच लोंबकळून तुटलेली असेल, तर किंचित जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला असेल, किंवा फ्यूज निव्वळ वयोमानाने गेला असेल, कारण रोज तापून थंड होणारी तार शेवटी थकतेच. थकलेला फ्यूज एकदा बदलून पाहायला हरकत नाही. दुसराही गेला तर तिसरा घालू नये, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा.

बेसवाला

एक शंका. एवढे सगळे सांभाळण्यापेक्षा मेन्सला १ ॲम्पियरचा एफ फ्यूज घातला, तर सुरक्षितता वाढणार नाही का? उडाला तर उडाला, दहा-वीस रुपयांची तर वस्तू आहे.

जुना रेडिओवाला

कागदावर वाढते. प्रत्यक्षात तो फ्यूज कधी तिसऱ्या दिवशी तर कधी तिसाव्या दिवशी काहीही दोष नसताना उडेल, आणि हमखास कार्यक्रमाच्या आधी ध्वनितपासणी चालू असताना उडेल. दोनदा असे झाले, की वाजवणारा माणूस पिशवीतला हाती लागेल तो फ्यूज घालतो आणि तोही नसला, की पानपट्टीवर जाऊन चांदी शोधतो. मी आजवर उघडलेल्या ॲम्पांमध्ये जिथे चांदी किंवा तांब्याची तार निघाली, तिथे बहुतेक वेळा मूळ फ्यूज गरजेपेक्षा लहान किंवा चुकीच्या जातीचा होता. पूर्वी वाड्यांमधल्या किटकॅट फ्यूजचे काय होत असे ते आठवा. उन्हाळ्यात तार दोनदा गेली, की वायरमन दुपदरी तार घालून जायचा आणि पुढे बोर्ड काळा पडेपर्यंत कोणी तिकडे पाहायचे नाही.

आकड्याने तंग बसवायचाच असेल, तर टी जातीचा १.६ ॲम्पियरचा लावून पाहता येईल. बहुधा तो टिकेल. पण तो प्रयोग ॲम्प निरोगी असल्याची खात्री झाल्यानंतर करावा, आधी नव्हे.

न्यू जर्सीकर

हा धागा वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझ्याकडे १९७० च्या दशकातला फेंडर डिलक्स रिव्हर्ब आहे. तो नाशिकला आईवडिलांकडे नेऊन ठेवण्याचा विचार आहे, म्हणजे सुट्टीत आलो की वाजवता येईल. माझ्या ॲम्पवर व्होल्टेज निवडण्याचा खटका नाही, त्यामुळे बाहेरून २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल. मग वरच्या नियमाप्रमाणे मीदेखील ॲम्पमधला फ्यूज निम्म्या आकड्याचा करायचा का?

जुना रेडिओवाला

नाही, आणि हा प्रश्न विचारलात ते बरे झाले, कारण इथे पुष्कळांची गल्लत होते. कोथरूडकरांच्या ॲम्पमध्ये खटका फिरवला, की ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या वेटोळ्यांची जोडणीच बदलते आणि फ्यूजमधून जाणारा प्रवाह खरोखर निम्मा होतो. तुमच्या ॲम्पला बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरकडून १२० व्होल्टच मिळणार, त्यामुळे त्याच्या फ्यूजच्या दृष्टीने तो न्यू जर्सीतच आहे. मागच्या पट्टीवर छापलेला आकडा आणि प्रकार तसाच ठेवा, आणि शक्य तर अमेरिकन मानकाचे, लांब मापाचे चार-सहा फ्यूज तिकडूनच बरोबर आणा. तुमच्या ॲम्पमधल्या फ्यूजची लांबी सव्वा इंच आणि व्यास पाव इंच असतो. इथल्या दुकानांत सहज मिळणारा ५ × २० मिलिमीटरचा फ्यूज त्या घरात खुळखुळेल. निम्म्या आकड्याचा फ्यूज लागेल तो बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला.

त्या ट्रान्सफॉर्मरबद्दल दोन गोष्टी सांगतो. स्वस्तात मिळणारे बहुतेक एकाच वेटोळ्याचे, म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांच्या सामाईक बाजूची तार तुटली, तर बाहेर १२० च्या जागी जवळजवळ पूर्ण २३० येऊ शकतात. दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा, किमान ३०० व्हीए क्षमतेचा घ्या, आणि अर्थिंग ॲम्पपर्यंत अखंड पोहोचते का ते मीटरने तपासा. दुसरी गोष्ट अशी, की अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० हर्ट्झची. केवळ ६० साठी बेतून बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त चुंबकीय प्रवाह घेतो आणि जास्त तापतो. हे बाहेरच्या कोणत्याही खोक्याने बदलत नाही. पहिल्या दिवशी तासभर नुसता चालू ठेवून ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर त्याला ११० व्होल्टच द्या, पण तापतारांचा दाब ६.३ व्होल्टपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली जाऊ देऊ नका.

सोल्डरचा धूर

मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण एक गोष्ट वाचताना मला खटकली. वायरमनकडून टॉप बदलून घेतला, असे तुम्ही लिहिले आहे. अमेरिकन दोरीत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची असते. आपल्याकडच्या जुन्या सवयीत लाल फेज आणि काळी न्यूट्रल. वायरमनने हाताच्या सवयीने काळी तार न्यूट्रलला लावली असेल, तर तुमचा फ्यूज आता न्यूट्रलवर बसला आहे. फेजकडून चासीला (ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला) म्हणजे अर्थिंगला शॉर्ट झाला, तर तो प्रवाह फ्यूजमधून जाणारच नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक टॉपच्या आत आणखी एक फ्यूज असतो, आपल्या टॉपमध्ये तो नसतो, त्यामुळे अशा वेळी ॲम्प आणि घराचा एमसीबी यांच्यामध्ये दुसरे काहीही उरत नाही.

टॉप उघडलाच आहे तर मागच्या फ्यूजच्या घराची जोडणीही पाहून घ्या. बाहेरून येणारी फेज घराच्या अगदी मागच्या टोकाला लागलेली असावी आणि बाजूच्या कडीवरून ती पुढे बटणाकडे जावी. उलट असेल, तर टोपी फिरवून फ्यूज काढताना बोट जिवंत कडीला लागू शकते.

वीज देण्याचा क्रम असा ठेवा. वायरमन लोकांकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे ॲम्पच्या मालिकेत १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. सगळे व्हॉल्व्ह काढून, योग्य फ्यूज घालून, त्या बोर्डावरून ॲम्प सुरू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि कपॅसिटर प्रथमदर्शनी ठीक आहेत. तो लख्ख पेटलेलाच राहिला तर बंद करा, दोष ह्याच भागात आहे. मग छोटे व्हॉल्व्ह, मग एकेक ईएल ३४ घालत जा. तापतारा जोडल्या, की बल्ब थोडा उजळ राहणे स्वाभाविक आहे. दरवेळी स्टँडबायचे बटण दाबायला विसरू नका, नाहीतर उच्चदाबाची बाजू तपासली जाणारच नाही.

आणि दोरी काढल्यानंतरही कपॅसिटरांत ४०० व्होल्टच्या वर दाब बसलेला असू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रोधक पकडीच्या तारेने चासीला जोडून कपॅसिटर रिकामे करा, मीटरने शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालू नका, आणि दुसरा हात खिशात ठेवा. यातले काहीही नवखे वाटत असेल, तर व्हॉल्व्हचे काम केलेल्या माणसाकडेच ॲम्प न्या.

जुना रेडिओवाला

एक पुरवणी. ईएल ३४ च्या बैठकीत २ आणि ३ क्रमांकाचे पाय शेजारी-शेजारी असतात. दोन तापतारेचा आणि तीन प्लेटचा, म्हणजे एकाशेजारी एक ६ व्होल्ट आणि ४५० व्होल्ट. जुन्या बैठकीत ह्या दोघांमध्ये ठिणगी पडून काळी रेघ तयार होते. ती कोळशाची असते, म्हणजे वीजवाहक. व्हॉल्व्ह बदलला तरी एचटीचा फ्यूज जातच राहिला, तर तिथे पाहा. ती रेघ खरवडून भागत नाही, बैठकच बदलावी लागते.

शिवाय १९७० च्या दशकात अमेरिकेला पाठवलेल्या पुष्कळ मार्शलमध्ये ईएल ३४ ऐवजी ६५५० व्हॉल्व्ह असत. तुमच्या ॲम्पमध्ये कोणी नंतर ईएल ३४ घातले असतील, तर बायस नव्याने बसवल्याशिवाय तो वाजवू नका.

कोथरूडचा गिटारवाला

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण व्हॉल्व्ह हाताळणारे गृहस्थ मला पुण्यात सापडले नाहीत, मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या परिसरात सापडले. त्यांच्याकडे शेजारी बसून सगळे पाहिले, आत हात फक्त त्यांनी घातला.

सुरुवात टॉपपासून केली. शंका खरी निघाली, काळी तार न्यूट्रलला होती. वायरमनला दोष देत नाही, कारण अमेरिकन रंग मीच त्यांना सांगायला हवे होते. फ्यूजच्या घराची जोडणी मात्र बरोबर होती.

जुन्या फ्यूजची काच आतून आरशासारखी झालेली होती. सिरीज बोर्डावर व्हॉल्व्हविना बल्ब मंद झाला, तीन छोट्या व्हॉल्व्हनंतरही ठीक होता, पहिल्या ईएल ३४ नंतरही ठीक. दुसरा घालून स्टँडबाय दाबताच बल्ब पूर्ण पेटला. व्हॉल्व्हची अदलाबदल करून पाहिली, तेव्हा दोष बैठकीचा नसून व्हॉल्व्हचाच आहे हे कळले. तो आतून शॉर्ट झालेला आहे. त्याच्या स्क्रीनचा १ किलोओहमचा रोधक काळा पडला होता, मोजला तर भलताच आकडा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्या भागांचा रोध जवळजवळ सारखा आला, तेव्हा त्या गृहस्थांनी मान डोलावली आणि माझा जीव भांड्यात पडला. चांदीच्या भरवशावर हा ॲम्प फार वाजवला गेला नसावा, असे त्यांचे मत.

मूळचे व्हॉल्व्ह ६५५० होते का, हे सांगता आले नाही, पण बायसच्या पट्टीवरचा एक रोधक पूर्वी कधीतरी बदललेला दिसला. नवी जोडी घालून बायस प्रत्येकी ३५ मिलिॲम्पियरवर बसवला. आमच्याकडे रात्री उशिरा मीटर २४० च्या पुढे जातो, म्हणून खटका २४० वरच ठेवला आहे.

फ्यूज मेन्सला २ ॲम्पियर, टी, सिरॅमिकचा, आणि एचटीला ५०० मिलिॲम्पियर, टी, काचेचा. एक प्रश्न राहिला आहे. ह्या काचेच्या फ्यूजवर २५० व्होल्ट लिहिले आहे आणि एचटी तर ४५० च्या वर आहे. हे चालते का?

जुना रेडिओवाला

नजर चांगली आहे तुमची. तो आकडा एसीचा आहे. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे तार तुटताना पडणारी ठिणगी आपोआप विझायला संधी मिळते. डीसी कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे काचेत ठिणगी रेंगाळू शकते. त्या काळच्या कारखान्यांनी तरीही हेच छोटे फ्यूज वापरले आणि बहुतेक ठिकाणी ते वेळेवर उडतही आले, म्हणून मी मूळ ॲम्प उगाच फोडत नाही. पण त्याच मापात ५०० मिलिॲम्पियरचा, टी जातीचा, ५०० व्होल्टचा वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूजही मिळतो. डीसीसाठी त्याच्यावर किती व्होल्ट दिले आहेत ते माहितीपत्रकात पाहून घ्या आणि मिळाला तर तो घाला. नाही मिळाला तर आहे तो राहू द्या.

दोन्ही जातींचे चार-चार फ्यूज घेऊन ठेवा आणि पुसलेल्या आकड्यांच्या जागी कायम शाईने नवे आकडे लिहा. ॲम्प पुढे कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

कोथरूडचा गिटारवाला

आकडे आजच लिहिले, २४० व्होल्ट ह्या उल्लेखासह. सिरॅमिकचा मागवला आहे.